पिवळं

टाकीच्या शिडीला बावीस पायऱ्या.
सतरावी नाही. गंजून पडली, त्याला तीन वर्षं झाली.
गावातली पोरं अजून बावीसच म्हणतात,
माझी प्रणाली एकवीस म्हणते.

मी जलसुरक्षक. शब्द मोठा, मानधन लहान.
ब्लीचिंग बादलीत कालवायचं,
वरचं नितळ पाणी टाकीत सोडायचं,
मग नळाचं पाणी काचनळीत धरून
ओटीचे दोन थेंब.
(ओटी म्हटलं की बायको हसते,
"माही भरली तवा नारळ तरी होता.")
पिवळं झालं की पाणी चांगलं.
रजिस्टरात लिहायचं: आहे.
तालुक्याच्या प्रशिक्षणात एवढंच सांगितलं
आणि मग पोहे दिले.

"बाबा, पिवळं म्हंजे चांगलं, हे तुले कोनं सांगतलं?"
साहेबांनी.
"अन् साहेबाले?"
सातवीतली पोट्टी. मी म्हटलं, अभ्यास कर.
ती विहिरीचं पाणी घेऊन आली, बिनब्लीचिंगचं.
थेंब टाकले. पांढरंच राहिलं.
मग एवढुशी पूड टाकली. पिवळं.
"हं," म्हणाली, आणि गेली.
मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी साळ्याला कावीळ झाली.
निलकंठ गावातच राहतो, शेवटच्या घरात.
बायको म्हणाली, डोमाजीकडे नेऊ.
गाडी मी चालवली,
म्हणजे मीच नेलं.

डोमाजीनं तळहाताला कसली साल चोळली,
चुन्याच्या निवळीत हात धुतले.
पितळी परातीत पाणी हळदीसारखं होत गेलं.
"पाहा, उतरून राह्यली."
बायकोनं हात जोडले. मीही.
मला ती खरंच उतरताना दिसत होती.

"आजोबा, आता माहे धुवा."
डोमाजी भला माणूस, कुणाकडून पैसा घेत नाही.
हसला, धुतले.
पिवळं.
"हिच्याही आंगात होती बाप्पा! बरं झालं आली."
"आता तुमचे."
बायकोनं तिला चिमटा काढला.
डोमाजीनं आपल्या हातांकडे पाहिलं,
कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसं.
"गुरूनं आपले धुवाचे नाई सांगतले, बेटा."
त्याच्या आवाजात लबाडी नव्हती.
ते मला अजून टोचतं.

परत येताना, पाठीमागून, वाऱ्यात:
"बाबा, ते परात कधी नाई म्हनतच नाई.
मंग तिले इचारायचं काऊन?"

निलकंठ ग्रामीण रुग्णालयात आठ दिवस होता.
बरा झाला. बायकोनं वाटणी केली,
अर्धं सलाईनचं, अर्धं परातीचं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांची आपोआपच जाते,
आराम करा.
आणि सहज, दुसरा कागद घेता घेता म्हणाल्या,
"पाण्यातून होते ही."

गावात आणखी चार निघाले.

रात्री प्रणालीनं रजिस्टर काढलं.
जून. जुलै. ऑगस्ट.
आहे, आहे, आहे, आहे.
एकाच पेनानं, एकाच बैठकीतलं अक्षर.
एका तारखेवर तिचं बोट थांबलं.
"ह्या दिवशी तं आपन पांढरकवड्याले होतो ना,
बारशाले?"
मी काही बोललो नाही.
तिनं रजिस्टर होतं तिथं ठेवलं,
कोपरा कोपऱ्याला जुळवून,
आणि पांघरूण ओढून झोपली.
झोपली नव्हती.

सकाळी मी चौकातल्या नळावर गेलो नाही.
निलकंठच्या घरी गेलो.
काचनळी भरली. दोन थेंब.
उजेडासमोर धरली.
तिसरा थेंब टाकला. चौथाही.

तिथंच ओट्यावर बसून लिहिलं: नाही.
हाताला सवय नव्हती,
काना देताना पेन अडलं.

ग्रामसेवक म्हणाले,
"हे काय लिहून ठेवलं भाऊ?
वर उत्तर कोन देईन?"